घरच्या कपड्यांना नंबर नसतो

वकीलबाईंनी जबाब दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्यांदाही त्यात एक अक्षर बदललं नाही.

"‘माझा धाकटा मुलगा तापट आहे. पण त्याला सगळं समजतं. वेडाबिडा काही नाही. आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ खाली तुमची सही आहे, माई."

"माझीच आहे," माई म्हणाल्या. "चार इयत्तांत तेवढीच धड शिकले."

रविवार असल्यामुळे लाँड्री बंद होती, शटर अर्धं खाली होतं, आणि सगळं घर इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती जमलं होतं. थोरला बॉयलरला टेकून उभा होता. त्याच्या डाव्या तळव्यावरची पट्टी आता लहान झाली होती, पण तो हात अजून छातीशीच धरायचा. थोरली सून टेबलापाशी उभ्याउभ्या चादरी घडी करत होती, कारण बसून रिकाम्या हाताने कुणाचं ऐकणं तिला जमत नसे. गिऱ्हाइकांच्या बाकावर लेक आणि जावई बसले होते. जावईबापूंना आज बोलवायचं नव्हतं, पण ते गाडी चालवत आले होते आणि आले म्हणून बसले होते. सगळे होते. धाकटा तेवढा नव्हता. तो चाळीस दिवस तुरुंगात होता.

चाळीस दिवसांपूर्वी एक वॉचमन आपला गणवेशाचा कोट न्यायला आला. कोटाचं एक बटण गेलं होतं. त्याने काउंटरवर मूठ आपटली आणि माईंना म्हणाला, बाई, तुम्हाला आज सोडत नाही. बोलायची पद्धत असते एकेकाची. धाकटा आत कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचत होता. तो उठला, वाफेची इस्त्री उचलली आणि वॉचमनच्या काउंटरवरच्या हातावर ठेवली. ठेवली आणि दाबून धरली. थोरल्याने ओढून काढेपर्यंत त्या माणसाची दोन बोटं कायमची निकामी झाली.

पोलीस आले तेव्हा गल्लीतले लोक शटरपाशी उभे होते. त्यांच्या देखत माईंनी जबाब दिला. मान ताठ ठेवून दिला.

"उद्या अकराला सुनावणी आहे," वकीलबाई म्हणाल्या. त्या सरकारने दिलेल्या होत्या, वय तिशीच्या आतबाहेर, आवाज बसलेला. "मी अर्ज केलाय की त्याला तुरुंगातून इस्पितळात हलवा, उपचार करा, मग खटल्याचं बघू. समोरचे वकील हा कागद वर धरणार. म्हणणार, सख्खी आई सांगते, त्याला सगळं समजत होतं. तापट होता, राग आला, भाजलं. मग संपलंच."

"तुरुंगाच्या डॉक्टरांनी बघितलं ना त्याला?" लेकीने विचारलं.

"चार मिनिटं. नाव विचारलं, वार विचारला, तारीख विचारली. सगळं बरोबर सांगितलं."

"तारीख तो कधीच चुकत नाही," माई पटकन बोलून गेल्या. बारा वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर त्यानेच तारीख घातली होती. मग त्यांना आपल्याच बोलण्याची चव कळली.

"म्हणून जुने कागद हवेत. कुठे दाखवलं, कधीपासून, कुठल्या गोळ्या. एखादी फाइल असेलच की घरात."

बॉयलरला टेकलेला थोरला सरळ झाला. "सांग ना माई. कुठाय फाइल?"

माईंनी बॉयलरकडे बघितलं. लेकीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी सगळी फाइल त्यात गेली होती. इस्पितळातून सोडल्याचा कागद, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, सगळं. माईंनी स्वतः दार उघडून एकेक पान आत सरकवलं होतं. त्या दिवशीचे कपडे छान कडक वाळले होते.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

"जाळली," थोरला म्हणाला. "स्पष्ट सांग की. बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून जाळली. आणि मला आज म्हणते, भावासाठी उभा राहा. मी उभाच होतो माई, त्या इस्त्रीच्या मध्ये. माझी पोर शाळेत एकटी बसते डबा खायला. पोरी तिला विचारतात, तुझा काका घरी आला की तुलाही भाजेल का? काय सांगायचं तिने? राहू दे त्याला आत. निदान पहारा आहे तिथे."

"पहारा आहे," वकीलबाई म्हणाल्या, "पण मार पण आहे."

चादरीची घडी थांबली.

"पहारेकरी मला म्हणाला, हा गरम जेवण खात नाही. ताट आलं की त्याच्यावर चादर टाकतो आणि वरून दाबून धरतो. स्वतःच्याच नाही, शेजारच्यांच्याही ताटांवर. जेवण सांडतं, मग बाकीचे मारतात. दोनदा ओठ फुटलाय. डॉक्टरांना वाटतं मुद्दाम करतो. मी त्याला विचारलं, तर नुसतं बघत राहिला. तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे, तो असं का करतो?"

कुणालाच माहीत नव्हतं. माईंना माहीत होतं.

धाकटा एकोणीस वर्षांचा असताना इस्पितळातून घरी आला, त्या आठवड्यातली गोष्ट. त्याने माईंना याच टेबलाखाली बसवलं होतं आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं. वाफेत माणसं आहेत, आई. इस्त्री फुसकारते ना, तेव्हा ते बोलतात. तुझ्याबद्दल बोलतात. मी त्यांना दाबून ठेवतो. पण कुणाला सांगू नकोस. मी तुला सांगितलं हे त्यांना कळलं, तर ते आधी तुला धरतील. घे शपथ. माईंनी शपथ घेतली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, आणि बारा वर्षं पाळली. नवरा मरायला टेकला होता तेव्हा त्यालाही सांगितलं नाही. ज्या दिवशी वॉचमन म्हणाला सोडत नाही, त्या दिवशी इस्त्री टेबलावर फुसकारत होती. धाकट्याने काय ऐकलं असेल, ते पोलिसांशी बोलत असतानाच माईंना उमगलं होतं. आणि तरी त्यांनी तापट म्हणून सांगितलं.

"सवय असेल एखादी," माई म्हणाल्या.

"माई." जावईबापू पहिल्यांदाच बोलले. मवाळ माणूस, चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलताना नेहमी समोरच्याला अक्षरं वाचायला लावतोय असा. "एक सांगू का? राग नका धरू. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"धाकट्याचं. लग्नाच्या आधीच. तुमच्या गल्लीतल्या औषधवाल्याने सांगितलं होतं. म्हणाला, मुलगी चांगली आहे, भाऊ आजारी आहे, मनाची तयारी ठेवा."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू मला नव्हतं सांगितलंस. म्हटलं, तुला वाईट वाटेल. म्हणून तू ‘तापट आहे’ म्हणालीस की मी ‘हो का’ म्हणायचो."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

"औषधवाल्याला मी बघते," माई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"कुणाकुणाला बघाल?" थोरली सून घडी टाकून म्हणाली. पंधरा वर्षांत या दोघींचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं. सून आली तेव्हा माईंनी तिला सांगितलं होतं की इस्त्री कशी धरायची हे तुझ्या आईने शिकवलेलं दिसत नाही, आणि ते सून विसरली नव्हती. "सगळ्या रस्त्याला माहीत आहे, माई. दूधवाल्याला माहीत आहे. शाळेच्या बाईंना माहीत आहे. लपवत होतो ते आपण आपल्यापासूनच. तुम्ही काउंटरवर बसून प्रत्येकाला काय विचारता? डाग कशाचा आहे, खरं सांगा, खोटं सांगितलंत तर कापड जाईल आणि मग मला बोलायचं नाही. तो नवरामुलगा आला होता, कोटावर सांडली होती दारू आणि सांगत होता चहा. कसा झापला होतात त्याला. आठवतं?"

"आठवतं."

"मग सांगा आता. डाग कशाचा आहे?"

थोरला म्हणाला, "तू यात पडू नकोस."

"मी पडलेलीच आहे. गोळ्या मी आणत होते दर महिन्याला. तुम्हाला लाज वाटायची दुकानात जायची." तिने चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा ओढला, तळाशी हात घातला आणि रबर लावलेलं एक पुडकं वकीलबाईंपुढे ठेवलं. "फाइल जळली. त्यानंतरच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या आहेत या. आठ वर्षांच्या. शेवटची मागच्या पावसाळ्यातली. त्यानंतर नाहीत."

वकीलबाईंनी पुडकं सोडलं. एकेक चिठ्ठी उलटत गेल्या. "त्यानंतर का नाहीत?"

सून माईंकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"मी बंद केल्या," माई म्हणाल्या. "आधी दुपारची. मग रात्रीची पण. गोळ्यांनी त्याचा हात थरथरायचा. नंबर वाकडे यायचे. सातचा एक दिसायचा, कपडे इकडचे तिकडे जायचे, लोक येऊन काउंटरवर आवाज करायचे. तो रडवेला व्हायचा. म्हटलं, वर्षभर बरा आहे, आता कशाला. पंधरा दिवसांत नंबर इतके सुंदर यायला लागले की मी गिऱ्हाइकांना दाखवायची."

थोरला हळूच येऊन बाकाच्या कडेला बसला, बहिणीशेजारी.

"हे सगळं उद्या सांगावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी देईन. पण चिठ्ठ्या तापट माणसालाही मिळतात असं म्हणतील ते. जबाब तुमचा आहे, तो तुम्हीच फिरवायला हवा. त्याच्या समोर. तो पिंजऱ्यात उभा असेल."

"त्याला ऐकू जाईल?"

"सगळं ऐकू जाईल."

माईंनी टेबलावरची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. सुनेची घडी चांगली होती, तरी घातली.

"ताटावर चादर टाकतो म्हणालात," त्या म्हणाल्या. "ओठ कुठल्या बाजूचा फुटलाय?"

*

कोर्टाची खोली लहान होती. पंखा होता, पण तो जजसाहेबांच्या बाजूला. माईंनी स्वतः इस्त्री केलेली साडी नेसली होती आणि सबंध बाकावर एकटीची साडी कडक होती. पुढच्या रांगेत वॉचमन बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. दोन बोटं आत वळलेली. माईंनी त्या बोटांकडे बघायचं टाळलं नाही. चाळीस दिवसांत तेवढी एक गोष्ट त्यांनी धड केली.

धाकट्याला आणलं. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वरच्या काजात. ओठ डावीकडून काळा. त्याने आईला बघितलं आणि ओळखीचं हसू आणलं, दुकानात गर्दी असताना लांबून आणायचा तसं. मग खिडकीबाहेर चहाच्या टपरीवरची किटली त्याला दिसली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

समोरच्या वकिलांनी कागद वर धरला. जजसाहेबांनी तो मागून घेतला, चष्मा चढवून वाचला आणि माईंना पुढे बोलावलं.

"हे तुम्ही सांगितलंत? ‘त्याला सगळं समजतं’?"

"सांगितलं साहेब."

"मग आज काय वेगळं म्हणायचंय?"

माईंनी कठड्याला धरलं. "साहेब, त्याला समजतं. तारीख समजते, वार समजतो, माझ्यापेक्षा हिशोब चांगला समजतो. पण जे नाही तेही त्याला ऐकू येतं. ते मी सांगितलं नाही. लोक उभे होते शटरपाशी."

"काय ऐकू येतं?"

माईंनी पिंजऱ्याकडे बघितलं. धाकट्याने किटलीवरची नजर काढली होती. तो त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याने मान हलवली. अगदी बारीक. नको म्हणून.

पोराच्या डोक्याचा तो उबारा माईंच्या तळहाताला आठवला.

"वाफेत माणसं आहेत असं त्याला वाटतं," त्या म्हणाल्या. "इस्त्रीच्या, चहाच्या, जेवणाच्या. ती मला मारणार असं त्याला ऐकू येतं. म्हणून तो ताटं झाकतो, साहेब. माजला म्हणून नाही. या भाऊंवर त्याने इस्त्री ठेवली ती बटणापायी नाही. हे म्हणाले, बाई, तुम्हाला सोडत नाही. त्याने मला वाचवलं. त्याच्या परीने." त्यांचा आवाज कोरडाच होता. "बारा वर्षं आजारी आहे माझा मुलगा. कागद मी जाळले. गोळ्या मी बंद केल्या. त्याचे नंबर वाकडे यायचे म्हणून. यात त्याची काही चूक लिहायची असेल तर आधी माझी लिहा."

जजसाहेब काही लिहीत राहिले. पंखा फिरत होता.

पिंजऱ्यातून धाकटा म्हणाला, "सांगितलंस." ओरडला नाही. दुकानात एखादं कापड करपल्यावर बोलायचा त्या आवाजात म्हणाला. "आई, तू सांगितलंस त्यांना. आता ते तुला धरतील."

"मला कुणी धरत नाही रे."

"तू आज घरी जाऊ नकोस. बॉयलर लावू नका. दादा, बॉयलर लावू देऊ नकोस तिला." पहारेकऱ्याने त्याच्या दंडाला धरलं तेव्हा तो रडत होता, आणि रडतानाही किटलीवर लक्ष ठेवून होता.

बाकावर बसलेला थोरला उठला. "नाही लावत," तो म्हणाला. "शपथ, नाही लावत." माईंनी वळून बघितलं. थोरल्याने हात पुढे केला होता, तोच, पट्टीचा.

हुकूम झाला. तुरुंगातून सरकारी मनोरुग्णालयात, उपचारासाठी. तीन महिन्यांनी डॉक्टरांचा अहवाल आल्यावर पुढची तारीख. घरी नाही. माईंना आधी ‘घरी’ असंच ऐकू आलं होतं. वकीलबाईंनी दोनदा समजावलं.

बाहेर ओसरीत वॉचमन भिंतीला टेकून उभा होता. माई त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. माफी कशी मागतात हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"माझा मेव्हणा होता असा," तो म्हणाला. "त्याच्यासमोर आम्ही आवाज चढवत नव्हतो. कुणीतरी सांगितलं असतं तर मी त्या दिवशीही चढवला नसता, बाई. बटणच होतं ते."

"शिवून ठेवलंय," माई म्हणाल्या. "कोट तयार आहे."

तो हसल्यासारखं करून निघून गेला. कोट न्यायला येईन म्हणाला नाही.

*

इस्पितळाने यादी दिली होती. चार शर्ट, चार पायजमे, दोन बनियन, एक स्वेटर. संध्याकाळच्या आत पोचवा. प्रत्येक कपड्यावर न जाणारी खूण हवी, नाहीतर धुलाईत मिसळतात आणि मग कुणाचे कुणाला जातात.

दुपारी दुकान बंदच होतं. बॉयलर गार होता. थोरल्याने खरंच लावला नव्हता, आणि सकाळचे गठ्ठे तसेच पडून होते. गिऱ्हाइकं दोनदा शटर वाजवून गेली.

सुनेने न जाणाऱ्या शाईची बाटली आणली, काडी आणली. वही उघडून चालू नंबर बघितला. "माई, काय टाकू? पुढचा नंबर टाकू?"

माईंनी शर्ट हातात घेतला. निळा, कोपरावर विटलेला. या दुकानातून इतकी वर्षं हजारो कपडे गेले, प्रत्येकाच्या कॉलरमागे नंबर. फक्त एक ढीग बिननंबरचा असायचा, सगळ्यात शेवटी धुवायचा. घरच्या कपड्यांना नंबर नसतो. ते हाताला कळतात. धाकटा त्या ढिगाशेजारी पाटी लावायचा, म्हणजे कुणी चुकून चिठ्ठी टाचू नये. पाटीवर एकच शब्द लिहायचा.

"आण इकडे," माई म्हणाल्या.

"मी लिहिते ना. तुम्हाला दिसत नाही बारीक."

"दिसतं तेवढं."

सुनेने काडी दिली, आणि दिवा ओढून टेबलाशी धरला. कुणी कुणाला काही टोचून बोललं नाही.

माईंनी कॉलर उलटी करून पसरली. घ काढला. तो जमला. र काढला. चा काढताना हात थरथरला आणि काना वाकडा गेला, पार शिवणीपर्यंत.

सून म्हणाली, "पुसते लगेच. ओली आहे तोवर निघेल."

"राहू दे," माई म्हणाल्या. "वाकडा तर वाकडा."

त्यांनी शर्टावर फुंकर घालून शाई वाळवली, बाजूला ठेवला, आणि दुसरा ओढून घेतला.